रोजची सुई, आठवड्याची की महिन्याची? (एमएस, सोलापूर)

चाटीगल्ली | १९ एप्रिल, रात्री ११:१०

मंडळी, एरवी मी इथे हुरडा आणि क्रिकेटच्या धाग्यांवर टवाळक्या करणारा माणूस. आज जरा वेगळं आणि लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

बायको २९ वर्षांची, शाळेत गणित शिकवते. जानेवारीत, गड्ड्याची जत्रा चालू असतानाच, डावा डोळा धूसर झाला आणि डोळा फिरवला की दुखायचं. चष्म्याच्या दुकानात नंबर बदलून दिला. एका ठिकाणी ‘टेन्शन घेता का?’ विचारून झोपेची गोळी दिली. तीन आठवड्यांनी डोळा आपोआप बराच सुधारला आणि आम्ही विसरलो. मार्चमध्ये सिद्धेश्वराच्या देवळातून परत येताना तळ्याकाठी तिची डाव्या पायातली चप्पल निसटली आणि ती तशीच वीस-पंचवीस पावलं चालत गेली. मी मागून ओरडलो तेव्हा तिने खाली पाहिलं. पायात चप्पल आहे की नाही हेच तिला कळत नव्हतं. दोन दिवसांत कमरेपर्यंत बधिरपणा आला.

मग एमआरआय, पाठीतलं पाणी, रक्ताच्या ढीगभर तपासण्या. निदान: मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस), येऊन-जाऊन झटके देणारा प्रकार. झटका म्हणजे फिट नव्हे, तिच्या डोळ्याला-पायाला झालं तसं. आपलीच प्रतिकारशक्ती नसांवरचं आवरण खराब करते. (वायरीवरचं रबर उंदरानं कुरतडल्याचं उदाहरण डॉक्टरांनी दिलं. ते सगळ्यांनाच देतात म्हणे.) पाच दिवस रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉईडची सलाईन लागली. आता ती चालते, शिकवते, भाकरी थापते. थोडी झिणझिण उरलीय तेवढीच.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर तीन नावं लिहून दिलीत: ग्लॅटिरामर (आठवड्यातून तीनदा किंवा रोज), इंटरफेरॉन बीटा-१ए (आठवड्यातून एकदा) आणि ओफाटुमुमॅब (महिन्यातून एकदा). ‘घरी बोला, पंधरा दिवसांत सांगा’ म्हणाले. आम्हाला मूल हवंय, हेही त्यांना सांगितलंय.

घरी बोललो. आईचा प्रश्न एकच आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं नीट उत्तर देता आलं नाही: ‘पोरगी बरी झाली ना? मग आता सुया कशाला टोचायच्या?’

---

निशाचर | १९ एप्रिल, रात्री ११:४२

वाचतोय. वहिनींना शुभेच्छा.

---

मावशी_विजापूररोड | २० एप्रिल, सकाळी ६:०५

चाटीगल्ली, तुमच्या आईंचा प्रश्न चुकीचा नाही हो. माझ्या सासूबाईंनी २००९ साली हाच विचारला होता आणि मलाही तो पटला होता. म्हणून लिहिते.

सलाईन आणि सुई ही दोन वेगळी कामं आहेत, हे आधी डोक्यात बसवा. स्टेरॉईडची सलाईन आलेला झटका लवकर ओसरवते. पुढचा झटका ती अडवत नाही. सुई पुढचा झटका अडवण्यासाठी असते आणि ती आज काहीच बरं करत नाही, उलट त्रासच देते. चांगला धडधाकट माणूस संध्याकाळी सुई टोचून घेतो आणि रात्री तापाने फणफणतो. बघणाऱ्याला वाटतं, औषधानेच आजारी पडायलीय.

माझी आठवड्याची इंटरफेरॉन होती, मांडीच्या स्नायूत घ्यायची. शनिवारी संध्याकाळी सातला पॅरासिटामॉल, आठला सुई, अकराला थंडी वाजायला सुरुवात. घरात त्याला ‘सुईचा शनिवार’ नाव पडलं होतं. मुलं त्या दिवशी आपणहून खिचडी मागायची. तीन-चार महिन्यांत ताप कमी झाला. सुरुवातीला डोस हळूहळू वाढवला तर त्रास कमी होतो, ते डॉक्टरांना विचारा.

आणि चौदा महिन्यांनी मी ती बंद केली. एकही झटका आला नव्हता ना! म्हटलं, आता काय गरज. बंद केल्यावर सात महिन्यांनी आला तो उजवा पाय घेऊन गेला. आता काठी आहे. सुई चालू असती तर आला नसता असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही, मीही सांगत नाही. पण रात्री झोप लागली नाही की हिशेब तोच मांडते.

---

औषधवाला | २० एप्रिल, दुपारी २:३०

दुकानात गिऱ्हाईक नाही, ऊन ४२ च्या वर, म्हणून टाइपतोय. मी डॉक्टर नाही, केमिस्ट आहे.

आईंना आकड्यात सांगायचं तर असं सांगा. ग्लॅटिरामरची १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेली अमेरिकेतली चाचणी: २५१ रुग्ण, दोन वर्षं. खोट्या (औषध नसलेल्या) सुईवाल्यांत वर्षाला शंभर माणसांमागे ८४ झटके, खऱ्या सुईवाल्यांत ५९. म्हणजे साधारण तीस टक्के कमी. इंटरफेरॉनचं गणितही तसंच, तिसरा हिस्सा कमी. ती या आजारावरची पहिली सुई, अमेरिकेत १९९३ ला मंजूर झाली. त्याआधी झटका आला की स्टेरॉईड द्यायचं आणि पुढच्याची वाट बघायची.

ओफाटुमुमॅब २०२० चं. ते प्रतिकारशक्तीतल्या बी पेशी कमी करतं. चाचण्यांमध्ये त्याच्या गटात वर्षाला शंभरामागे १०-११ झटके होते, टेरिफ्लुनोमाइड या एमएसवरच्याच गोळीच्या गटात २२ ते २५. पण ५९ आणि ११ शेजारी ठेवून ‘पाचपट भारी’ म्हणू नका. मधे पंचवीस वर्षं गेलीत. आता निदान लवकर होतं आणि चाचणीत घेतले जाणारे रुग्णही वेगळे. नवं जास्त जोरकस आहे एवढं मात्र खरं.

जोर जास्त तशी आधीची तयारीही जास्त. हिपॅटायटिस बी ची तपासणी झाल्याशिवाय ते सुरूच करत नाहीत. लसी राहिल्या असतील तर आधी उरकायच्या. जंतुसंसर्गावर लक्ष ठेवायचं. इंटरफेरॉनला यकृताच्या आणि रक्तपेशींच्या तपासण्या ठरावीक दिवसांनी लागतात, थायरॉइडही बघतात. मन उदास राहायला लागलं तर लपवायचं नाही, त्या औषधाने ते होऊ शकतं.

---

कडक_भाकरी | २० एप्रिल, दुपारी ४:१५

अहो एवढ्या सुया आणि कंपन्यांचे आकडे कशाला? माझ्या ओळखीत एक वैद्य आहेत, तीन महिन्यांत मुळापासून बरं करतात. सुया बंद केल्या तरच औषध लागू पडतं म्हणे. व्यनि (खासगी निरोप) करा, नंबर देतो.

---

मावशी_विजापूररोड | २० एप्रिल, दुपारी ४:४०

कडक भाकरी, या आजाराचा स्वभावच असा आहे की झटका आला की काही आठवड्यांत बऱ्याचदा आपला आपण ओसरतो. चाटीगल्लींच्या बायकोचा डोळा कोणत्या औषधाने सुधारला होता? नव्या नंबरच्या चष्म्याने? त्यामुळे तीन महिन्यांत ‘बरं’ करणारे खूप भेटतात. मलाही भेटले होते, वर चौदा महिन्यांचं लिहिलंय तेव्हाच. सुई बंद करा म्हणणाऱ्याच्या दारात मी आता काठी टेकत उभी राहीन आणि विचारीन, पायाचं काय?

---

कडक_भाकरी | २० एप्रिल, दुपारी ४:५८

ताई, राग नको. मला हे खरंच ठाऊक नव्हतं. मागे घेतो.

---

पुण्यातला_सोलापूरकर | २० एप्रिल, रात्री ९:२०

मी स्वतः एमएसवाला, सहा वर्षं. माझं रितुक्सिमॅब चालू आहे, सहा महिन्यांनी एकदा सलाईनमधून. सोलापूरहून हुतात्मा एक्सप्रेस पकडून येणारे दोघे-तिघे तिथे दर वेळी भेटतात. मुळात ते रक्ताच्या कर्करोगाचं आणि संधिवाताचं औषध. एमएससाठी त्याचा अधिकृत परवाना नाही, तरी भारतात आणि स्वीडनमध्ये बरंच वापरतात, कारण काम ओफाटुमुमॅबसारखंच आणि परवडतं. २०२२ च्या एका स्वीडिश चाचणीत दोन वर्षांत त्या गटातल्या ३ टक्के लोकांना झटका आला, डायमिथाइल फ्युमरेटच्या गोळीवाल्यांत १६ टक्क्यांना. चिठ्ठीवर हे चौथं नाव का नाही, ते विचाराच. नाही म्हणतील कदाचित, पण कारण कळेल.

मूल हवं असेल तर मात्र प्रश्न बदलतो. टेरिफ्लुनोमाइड ही गोळी त्यात बादच, गर्भाला धोका आहे आणि शरीरातून काढायला वेगळा उपचार लागतो. ग्लॅटिरामर आणि इंटरफेरॉन या दोन जुन्या सुयांचा गर्भारपणातला अनुभव सगळ्यात जास्त. आणखी एक: गर्भारपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, झटके आपणहून कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढतात. बाळंतपणानंतर कधी काय सुरू करायचं हे आधीच ठरवून ठेवा.

---

चाटीगल्ली | २१ एप्रिल, रात्री १०:५०

सगळ्यांचे आभार. मावशी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने ‘त्यांना कोण असतं घरी?’ एवढंच विचारलं.

चौथ्या नावाचं उत्तर मिळालं: मूल लवकर हवं असेल तर आत्ता नको, एमआरआयवरचे डाग फार नाहीत, सुरुवात ग्लॅटिरामरने करू, सहा महिन्यांनी बघू. ४० मिलिग्रॅमची, सोमवार-बुधवार-शुक्रवार. हैदराबादच्या नॅटको कंपनीची मिळते, म्हणजे सोलापूरहून जवळच! पहिलं खोकं मात्र घरपोच मागवलं (दुकानाचं नाव घेत नाही). दुपारी दीडला दारात आलं तेव्हा आतले जेलचे पॅक कोमट होते. हात लावला तर सुया आपल्या चहापेक्षा थोड्याच गार. वापरू का?

आणि दुसरं, लाइट गेली तर माठात ठेवलेलं चालेल का? आईची सूचना आहे.

---

औषधवाला | २२ एप्रिल, सकाळी ९:१५

कोमट खोकं घेऊ नका. फोटो काढा, परत करा, बदलून मागा. पुढच्या वेळी सकाळच्या गाडीने येणारं किंवा समोरच्या फ्रिजमधून काढून देणारं दुकान बघा.

माठ नको. माठातलं पाणी घशाला गार लागतं, पण ते २ ते ८ अंश नव्हे, आणि ओल वेगळीच. ग्लॅटिरामर बाहेर १५ ते ३० अंशात महिनाभर चालतं असं कंपन्या लिहितात. ते ज्या गावात लिहिलं तिथे ठीक आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये रात्री दोनला भिंतीला पाठ लावून बघा, तीस कुठे आणि आपण कुठे.

फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, तिथे दर वेळी गरम हवा लागते. मागच्या भिंतीला चिकटवूनही नको. जुन्या फ्रिजमध्ये तिथे बर्फ धरतो आणि गोठलेली सुई टाकूनच द्यावी लागते. लाइट गेली की दार उघडू नका, तासभर काही होत नाही. प्रवासात थर्मास, तळाला बर्फाचा पॅक, त्यावर आपला सोलापुरी नॅपकिन दोन घड्या आणि मग सुया. सुई थेट बर्फाला लागता कामा नये.

---

चाटीगल्ली | ३ मे, रात्री ११:३०

पहिली सुई झाली. नर्सताईंनी शिकवलं. फ्रिजमधून काढून वीस मिनिटं ताटलीत ठेवायची. आत हवेचा बुडबुडा दिसला तर काढत बसायचं नाही, औषध सांडतं. बेंबीपासून दोन बोटं नव्हे, दोन इंच सोडून. आज डावी मांडी, परवा पोट, मग दंड, आणि एकाच जागी आठवड्याच्या आत पुन्हा नाही. नंतर चोळायचं नाही. (हे सगळ्यात अवघड. हात आपोआप जातो.) वापरलेली सुई जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात. आमच्याकडे व्हेपोरायझरचं औषध ठेवायचा रिकामा डबा होता, त्यावर तिने गणिताच्या मास्तरणीच्या अक्षरात ‘उघडू नये’ लिहिलंय.

माझा हात थरथरला. तिने माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच टोचली. सुई बारीक, टोचलेलं कळत नाही. मग औषध आत गेल्यावर गांधीलमाशी चावल्यासारखी आग, वीसेक मिनिटं. सकाळी रुपयाएवढी लाल गाठ. गालिच्यावर चहा सांडल्यावर पडतो तसा डाग, पण कडक.

---

पुण्यातला_सोलापूरकर | ४ मे, सकाळी ८:००

गाठी येतातच. पुढे काही ठिकाणी कातडीखालची चरबी कायमची बसते, खड्डा पडतो. म्हणून जागा बदलण्यात आळस नको. वहीत तक्ता करा, मास्तरणीला ते जड नाही.

एक गंमत सांगतो. हे औषध इस्रायलच्या वाइझमन संस्थेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस बनवलं, ते प्राण्यांमध्ये एमएससारखा आजार *उत्पन्न* करता यावा म्हणून. मायकेल सेला, रूथ आर्नोन आणि द्वोरा टाइटेलबाउम या तिघांनी चार अमिनो आम्लांची साखळी बनवली. आजार होईना, उलट अडवला जायला लागला.

---

चाटीगल्ली | १९ मे, संध्याकाळी ७:२०

घाबरवणारी दुपार. शाळेचं काम आटोपून ती एकच्या उन्हात नवी पेठेतून चालत आली आणि डावा डोळा पुन्हा धूसर. मला वाटलं, संपलं, सुई लागूच पडली नाही. रिक्षा करून थेट दवाखान्यात. तिथे त्यांनी ताप नाही ना बघितलं, लघवी तपासली, गार खोलीत बसवून मानेवर ओला टॉवेल ठेवला. पाऊण तासात डोळा साफ!

---

मावशी_विजापूररोड | १९ मे, संध्याकाळी ७:५०

याला खोटा झटका म्हणा. अंगाची उष्णता वाढली की जुन्या जखमेच्या जागची नस तात्पुरती मंदावते. ऊटहॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरने १८९० मध्ये हे लिहून ठेवलं. पूर्वी रुग्णाला गरम पाण्यात बसवून आजार ओळखायचे! आपल्याला त्यासाठी वेगळं पाणी तापवायला नको.

खरा झटका चोवीस तासांपेक्षा जास्त टिकतो आणि अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग नसताना येतो. तरी नव्याने काही झालं तर फोन करायचाच. आणि वहिनींना सांगा, मे महिन्यात दुपारी बारा ते चार रस्त्यावर नाही. शाळेने वेळ बदलून द्यायला काय हरकत आहे? अपंगत्व हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएसचं नाव आहे. प्रमाणपत्राची गरज आज पडणार नाही, देव करो पडूही नये, पण माहिती असू द्या.

---

चाटीगल्ली | ८ जुलै, रात्री १२:०५

आज सुई घेतली आणि मिनिटाभरात तिचा चेहरा लालभडक, छाती आवळली, धडधड, श्वास लागला. ‘मी चालले’ म्हणाली. मी चावी शोधत होतो आणि ती सापडेना. पंधरा मिनिटांनी सगळं ओसरलं. आता झोपलीय, मी जागा आहे.

---

औषधवाला | ८ जुलै, सकाळी ७:१०

सकाळी उठल्या उठल्या डॉक्टरांना कळवा, ते सांगेपर्यंत पुढची सुई घेऊ नका.

सुईनंतरची अशी प्रतिक्रिया ग्लॅटिरामरमध्ये माहितीतली आहे, बहुतेकदा अर्ध्या तासात जाते. पण २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर सगळ्यात ठळक इशारा छापायला लावला: क्वचित, पण जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी होऊ शकते, पहिल्या सुईला किंवा कित्येक वर्षांनीही. सुरुवातीला दोन्ही सारख्याच दिसतात. त्यामुळे चावी शोधत बसू नका, ती सुईच्या डब्याजवळ खिळ्याला अडकवा. श्वास आणखी लागायला लागला, ओठ-जीभ सुजली, अंगावर गांधी उठल्या, चक्कर आली तर ‘पंधरा मिनिटं बघू’ करायचं नाही, सरळ निघायचं.

---

चाटीगल्ली | १० जुलै, रात्री ९:००

डॉक्टरांनी सगळं विचारलं: गांधी, सूज, रक्तदाब. ॲलर्जी वाटत नाही म्हणाले. पुढची सुई त्यांच्यासमोर, दवाखान्यात घेतली, तासभर बसवलं. काही झालं नाही. चावी खिळ्याला.

---

अक्कलकोटी | ११ जुलै, दुपारी १:३०

माज्या भाचीला बी हेच निदान झालंय परवा. लै रडलो सगळे. धागा सगळा वाचून काढला. मुंबईत मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी हाय म्हणं, १९८५ पासून, त्यांना फोन लावतो. मावशी, तुमच्याशी भाचीचं बोलणं करून दिलं तर चालंल का?

---

मावशी_विजापूररोड | ११ जुलै, दुपारी २:००

चालंल का काय, आजच लावा. पाचनंतर. त्याआधी मी झोपते.

---

चाटीगल्ली | २२ ऑक्टोबर, रात्री १०:१५

बरेच जण विचारतायत म्हणून. काल सहा महिन्यांचा एमआरआय झाला. नवीन डाग नाही. जुन्यातला एकही चमकत नाही, म्हणजे आत्ता कुठे सूज चालू नाही. झटका नाही. डॉक्टर म्हणाले, हे औषध कामाला लागायलाच काही महिने घेतं, त्यामुळे तुलना आता इथून पुढे करायची. सुई चालू. मुलाचं मनावर घ्या म्हणाले, त्यावर ही लाजली आणि मी उगाच छताकडे बघितलं.

पोटावर दोन गाठी अजून आहेत. तक्ता चालू आहे, चौऱ्याहत्तर खुणा झाल्या. एक बुधवार गावी लग्नात चुकला तो तिने लाल शाईने लिहून ठेवलाय.

आणि आज संध्याकाळी मी शेंगाचटणीचा डबा फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात सरकवला, सुयांच्या खोक्यावर. आईने स्वयंपाकघरातून बघितलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी झापली मला. ‘ती जागा तिची आहे, कितींदा सांगायचं?’

डबा आता दारात आहे.